आगरकर, रमाबाई आणि पुराव्याचा प्रश्न

१. प्रश्न येतो कुठून

नवापूर तालुक्यातल्या गावातून शहाद्याला किंवा नंदुरबारला कॉलेजात आलेल्या मुलाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. त्याच्या घरची माणसं दोन-तीन पिढ्या रविवारी चर्चला जातात. खोलीतला मित्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिराला जाऊन आलेला असतो. तो विचारतो, "मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तू खरंच मानतोस?" पहिलाही गप्प बसत नाही. "तुझ्या मते हे सगळं आपोआप झालं ना? मग माणसाने माणसाशी चांगलं का वागायचं, तेवढं सांग."

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. या प्रकरणात दोन्हींना हात घालायचा आहे, पण आधी दोघांचं म्हणणं नीट मांडून घेऊ. अर्धे वाद समोरच्याचं म्हणणं चुकीचं ऐकल्यामुळेच पेटतात.

ख्रिस्ती माणसाचं म्हणणं तीन पायऱ्यांचं आहे. जगाला कर्ता आहे आणि तो केवळ शक्ती नाही, तो जाणतो आणि प्रेम करतो, ही पहिली पायरी. तो नाझरेथच्या येशूच्या रूपाने माणूस झाला, क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, ही दुसरी. म्हणून प्रत्येक माणसाला, अगदी शेवटच्या माणसालाही, स्वतःचं मोल आहे, ही तिसरी. पहिली पायरी मान्य असूनही दुसरी अमान्य असणारे कोट्यवधी लोक आपल्याच देशात आहेत. त्यामुळे "देव आहे" एवढं सिद्ध झालं की ख्रिस्ती धर्म सिद्ध झाला, असं होत नाही.

नास्तिकाचं म्हणणं वरवर एकाच ओळीचं दिसतं, पण त्यातही दोन तऱ्हा आहेत. एक जण ठामपणे म्हणतो, देव नाही. दुसरा म्हणतो, देव मानण्याइतका पुरावा मला मिळालेला नाही, आणि तो मिळू शकतो की नाही हेही मला ठाऊक नाही. या दुसऱ्याला अज्ञेयवादी म्हणतात. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांपैकी बरेच जण विचारांती या दुसऱ्या घरातले निघतात.

२. सारंगखेड्यात घोडा कसा घेतात

बुद्धीला धरून विचार करणं म्हणजे काय, हे समजायला तापीकाठच्या सारंगखेड्याइतकी चांगली शाळा नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. देशभरातून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. किंमत कधी हजारांत, कधी लाखांत.

मुरलेला गिऱ्हाईक आधी घोड्याचा ओठ वर करून दात बघतो. अडीच वर्षांच्या सुमाराला मधले दुधाचे दात जाऊन कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. मालक वय काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत. मग तो घोडा कडक जमिनीवर चालवून बघतो. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडं मान वर उचलतं. दुखणं पायाच्या आत आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण मानेच्या हेलकाव्यावरून ते कळतं. त्यानंतर मालकाचं बोलणं. याची आई अमुक घोडी, बाप तमुक, रेवाल चालीत पाठीवर पाणी हिंदकळत नाही, लहान पोर बसवलं तरी उधळत नाही. आणि शेवटी भोवरे. गळ्यावर देवमण आहे का, कुठे अशुभ भोवरा तर नाही ना. एका भोवऱ्यापायी धडधाकट जनावराचा भाव पडतो.

आपल्या जुन्या तर्कशास्त्राने ज्ञानाच्या साधनांची जी वाटणी केली, ती इथे डोळ्यांसमोर उभी राहते. दात म्हणजे प्रत्यक्ष. मानेच्या हेलकाव्यावरून पाय ओळखणं म्हणजे अनुमान. मालकाचं बोलणं म्हणजे शब्द, आणि मालक जाणता व खरं बोलणारा असेल तर त्याचं बोलणं हे आप्तवाक्य. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे काही मानायचं नाही असं म्हटलं. न्यायवाल्यांनी शब्दालाही पुरावा मानलं. भोवरा मात्र यांपैकी कशातच बसत नाही. देवमण असलेले घोडे आणि नसलेले घोडे यांचा हिशेब कोणी मांडून बघितलेला नसतो. ते फक्त पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं असतं.

आता नास्तिक आणि ख्रिस्ती यांच्यातलं भांडण नेमकं कशाचं आहे ते दिसतं. नास्तिक म्हणतो, येशूचं पुनरुत्थान हा भोवरा आहे. ख्रिस्ती म्हणतो, नाही, ते आप्तवाक्य आहे, पाहणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. ऐकीव म्हणून ते फेकून द्यायचं ठरवलं, तर आपली जन्मतारीख आणि पणजोबांचं नावही फेकावं लागेल, कारण तेही आपण दुसऱ्याच्या शब्दावरच मानतो. या मुद्द्यावर ख्रिस्ती माणसाचं बरोबर आहे. शब्दावर विश्वास ठेवणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. पण कोणाच्या शब्दावर, कोणत्या गोष्टीबद्दल आणि किती, हे तपासावं लागतं. आणि "हा घोडा असाधारण आहे" असं जो म्हणतो, दाखवण्याची जबाबदारी त्याचीच. या मुद्द्यावर नास्तिकाचं बरोबर आहे.

३. १८९५ : एका वर्षातली तीन माणसं

मराठी माणसाला हा वाद परका नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि ऐकायला लोक जमत होते. खानदेशातच अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथे देशभरचे अभ्यासक ईश्वर, जग, जाणीव या प्रश्नांवर खल करत बसले. पण हा वाद माणसांच्या रूपात बघायचा तर १८९५ या वर्षाकडे वळावं.

त्या वर्षी १० फेब्रुवारीला कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १७ जूनला गोपाळ गणेश आगरकर वयाच्या ३९व्या वर्षी पुण्यात वारले. आणि वर्ष सरण्याआधी, ऑक्टोबरात, नीलकंठशास्त्री गोऱ्हे गेले, ते बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोऱ्हे झाले होते.

तिघेही ब्राह्मण घरात जन्मले, तिघांनीही घरचा धर्म बुद्धीने तपासला, आणि तिघे तीन रस्त्यांनी गेले. गोऱ्हे काशीचे पंडित. मिशनऱ्यांना वादात हरवायचं म्हणून त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ हातात घेतले आणि वाद घालता घालता स्वतःच पटवून घेऊन १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे 'षड्दर्शन दर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांची तर्काने उलटतपासणी केली. टिळकांच्या हाती आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते त्यात गुंतले आणि तो गुंता दोन वर्षं सुटला नाही. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचले, देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा जन्मल्या असतील याची मीमांसा आपल्या 'सुधारक' पत्रातून केली, आणि अज्ञेयवादावर थांबले. त्याची किंमतही मोजली. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ख्रिस्ती होणारे सगळे पोटासाठी झाले, किंवा नास्तिक होणारे सगळे चैनीसाठी झाले, असं म्हणणाऱ्याने या तिघांची चरित्रं वाचलेली नाहीत. टिळकांच्या वाट्याला घर मोडणं आलं, आगरकरांच्या वाट्याला हेटाळणी आणि दमा. फायद्याचा हिशेब लावून कोणी या रस्त्याला जात नाही.

४. जग आहे, म्हणून कर्ता आहे का

आता पहिल्या पायरीकडे. मडकं दिसलं की कुंभार असणारच, तसं जग दिसलं की कर्ता असणारच. हा युक्तिवाद युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आपल्या परीने मांडला आणि आपल्याकडे त्याच्या बऱ्याच आधी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त. त्याला उत्तरंही आपल्याकडे तेवढीच जुनी आहेत. वेद मानणाऱ्या मीमांसकांपैकी कुमारिलभट्टांनी विचारलं की कर्त्याला शरीर होतं का, असेल तर ते कोणी केलं, आणि ज्याला कशाची उणीव नाही त्याने जग निर्माण केलंच कशाला? सांख्यांनीही कर्त्यावाचून जगाची घडण समजावली. म्हणजे देव न मानणं ही पश्चिमेकडून आलेली टूम आहे ही समजूत चुकीची, आणि देवासाठी तर्क लढवणं हे भाबडेपणाचं काम आहे ही समजूतही तितकीच चुकीची.

१८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि या युक्तिवादाचा एक मोठा खांब पडला. डोळा, पंख, घोड्याचा खूर यांची रचना इतकी नेमकी आहे की ती कोणीतरी आखलीच असणार, असं तोवर वाटत होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बारीक फरकांतून आणि निसर्गाच्या निवडीतून अशी रचना घडू शकते, हे डार्विनने दाखवलं.

एक खांब मात्र उभा राहिला. काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? निवड व्हायला आधी जीव लागतात, जीवांना पदार्थ लागतो, पदार्थाला नियम लागतात. ते नियम कुठून आले? विश्वाची सुरुवात एका अतिदाट बिंदूसारख्या अवस्थेतून झाली असावी, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. ख्रिस्ती माणसाला हे नाव हाताशी असलेलं आवडतं. पण पोपने १९५१ च्या भाषणात या सिद्धांताला सृष्टिनिर्मितीच्या कथेचा आधार म्हणून उचललं, तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. त्याच्या मते भौतिकशास्त्राचं समीकरण देवाच्या बाजूचंही नव्हतं आणि विरुद्धही नव्हतं.

माझं मत लमेत्रच्या बाजूचं आहे. "का आहे" या प्रश्नावर नास्तिक म्हणतो, विश्व आहे, त्यापलीकडे विचारू नका. आस्तिक म्हणतो, देव आहे, त्यापलीकडे विचारू नका. दोघेही कुठेतरी थांबतात. नास्तिक एक पायरी अलीकडे थांबतो, म्हणून त्याला कमी गृहीत धरावं लागतं, एवढाच त्याचा फायदा. तो लहान नाही, पण त्यावर विजयाचा ढोल पिटण्याइतका मोठाही नाही.

५. साक्षीदारांचा हिशेब

खरी चढाई दुसऱ्या पायरीवर आहे. मेलेला माणूस उठला, हे साक्षीवरून मानावं का?

१७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंताने एक कसोटी सांगितली. चमत्काराची बातमी आली की दोन शक्यता तोलून बघा. चमत्कार खरोखर घडला असणं अधिक संभवनीय, की सांगणारा चुकला, फसला किंवा खोटं बोलला असणं? जे कमी अचाट असेल ते माना.

एक छोटं गणित करू. समजा, एखादी घटना लाखात एकदाच घडते. आणि समजा, आपला साक्षीदार चांगला भरवशाचा आहे, शंभरात फक्त एकदा चुकतो. तो म्हणतो, "ती घटना घडली." आपण किती विश्वास ठेवावा? पटकन वाटतं, नव्व्याण्णव टक्के. पण असे एक लाख प्रसंग डोळ्यांसमोर आणा. घटना खरोखर घडली असा प्रसंग एकच, तिथे साक्षीदार "घडली" म्हणेल. उरलेल्या ९९,९९९ प्रसंगांत ती घडलेली नाही, पण शंभरात एक चूक या हिशेबाने साधारण हजार वेळा तो तरीही "घडली" म्हणेल. म्हणजे "घडली" हे उत्तर हजार-एक वेळा ऐकू येतं आणि त्यातलं खरं एकच असतं. साक्षीदार भला आहे, तरी त्याची साक्ष इथे कोसळते, कारण घटनाच अतिदुर्मीळ आहे.

ह्यूमचा मुद्दा तो हाच. नास्तिक बहुधा इथेच थांबतो, पण गणित इथे संपत नाही. गणकयंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने १८३७ मध्ये त्याची पुढची पायरी दाखवली. साक्षीदार एकाऐवजी दोन घ्या, एकमेकांशी संबंध नसलेले. दोघे एकाच वेळी चुकण्याचे प्रसंग हजारावरून दहावर येतात. तिसरा साक्षीदार आला की एकाच्याही खाली, एकदशांशावर. म्हणजे तीन स्वतंत्र, भरवशाचे साक्षीदार मिळाले तर तीच लाखात एक घटना खरी असण्याचं पारडं दहास एक इतकं जड होतं. साक्ष कितीही असो, चमत्कार मानायचाच नाही, असा सरसकट नियम बुद्धीला धरून नाही.

मग प्रश्न उरतो तो "स्वतंत्र" या अटीचा. येशूच्या पुनरुत्थानाचे साक्षीदार नावानिशी सांगणारा सर्वांत जुना लेखी उल्लेख पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र इसवी सन ५५ च्या आसपासचं, म्हणजे क्रुसाच्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. प्राचीन इतिहासाच्या मानाने ही फार जवळची साक्ष आहे आणि नास्तिकांनी ती "कित्येक शतकांनी रचलेली कथा" म्हणून उडवणं बरोबर नाही. पण शुभवर्तमानं चार असली तरी साक्षीदार चार होत नाहीत. मत्तय आणि लूक यांनी मार्कचं लेखन समोर ठेवून आपलं लिहिलं असं बहुतेक अभ्यासक, त्यांतले कित्येक स्वतः ख्रिस्ती, मानतात, आणि मार्कचं लेखन इसवी सन ७० च्या सुमाराचं आहे. एकाच गावकऱ्याकडून ऐकलेली बातमी तिघांनी सांगितली तर ती तीन साक्षी ठरत नाही. शिवाय लाखात एक हा आकडा आपण सोयीसाठी घेतला होता. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठण्याचं प्रमाण काय धरायचं?

इथे ख्रिस्ती विचारवंत एक अचूक गोष्ट सांगतो. ते प्रमाण काय धरायचं, हे देव आहे की नाही यावर अवलंबून आहे. देव नसेलच तर ते शून्याजवळ, आणि कोणतीही साक्ष पुरणार नाही. देव असेल आणि त्याला माणसाशी बोलायचं असेल, तर ते शून्य राहत नाही. म्हणून पुनरुत्थानाची साक्ष आस्तिकाला ख्रिस्ती करू शकते, पण नास्तिकाला आस्तिक करायला ती अपुरी पडते. मला हा निष्कर्ष टाळता येत नाही, आणि तो टाळून मैत्री टिकवण्यात अर्थही नाही. केवळ पुराव्याच्या तराजूत, पुनरुत्थान न मानणाऱ्याची बाजू आज जड आहे.

६. दुष्काळाचा प्रश्न

पण माणूस फक्त तराजू घेऊन जगत नाही, आणि याचा सर्वांत मोठा मराठी दाखला म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी पायी हिंडत, पुराणं सांगत. १८७० नंतरच्या दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. त्यांनी देवळांत अनुष्ठानं केली, उपास केले, उरलासुरला पैसा दानधर्मात घातला. देव बोलला नाही. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. ही मुलगी उपखंड पायी तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिला हजारो श्लोक मुखोद्गत होते आणि देवळातल्या देवावरचा विश्वास उडालेला होता.

जगात दुःख आहे, मग देव प्रेमळ आणि सर्वशक्तिमान कसा? ख्रिस्ती श्रद्धेपुढे यापेक्षा अवघड प्रश्न नाही. नेहमीचं उत्तर असं की देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि माणसाने त्याचा गैरवापर केला. हे उत्तर खुनाला लागू पडतं, न पडलेल्या पावसाला पडत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर वजन न भरलेल्या बाळाने कोणत्या स्वातंत्र्याचा गैरवापर केला? या प्रश्नाचं समाधानकारक ख्रिस्ती उत्तर मी वाचलेलं नाही. नास्तिकाला हा प्रश्नच पडत नाही. निसर्गाला माया नाही, एवढं म्हणून तो कुपोषण कसं हटवायचं याकडे वळू शकतो.

आणि तरीही भुकेने घर उद्ध्वस्त झालेली रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे ख्रिस्ती झाली. तिला दुःखाचं स्पष्टीकरण मिळालं म्हणून नव्हे. तिला असा देव दिसला जो पतितांना, विधवांना, टाकलेल्या बायकांना जवळ करतो आणि स्वतः क्रुसावर दुःख भोगतो. दुःख का, हे ख्रिस्ती धर्म सांगू शकत नाही. दुःखात तू एकटी नाहीस, हे तो सांगतो. या दोन गोष्टींची गल्लत केली की वाद भरकटतो.

रमाबाईंचं खरं मोठेपण बाप्तिस्म्यानंतर दिसतं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या गुरू होत्या. चर्चने सांगितलेलं सगळं शिष्येने मुकाट मानावं, ही त्यांची अपेक्षा. रमाबाई पत्रामागून पत्र लिहून विचारत राहिल्या. एकाच देवात तीन व्यक्ती कशा? हे बायबलात नेमकं कुठे आहे? भारतातल्या पुरोहितांचं जोखड महत्प्रयासाने झुगारून आल्यावर आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मी मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट कळवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावरही त्या अडून बसल्या. देवाला लॅटिन जास्त आवडतं असं कोणी ठरवलं? पंचविशी-सत्ताविशीची, परक्या देशात, त्याच लोकांच्या आश्रयाला असलेली ही विधवा त्यांच्याच धर्माचा पुरावा त्यांच्याकडे मागत होती. आगरकरांनी पुण्यात बसून सनातन्यांना जे विचारलं, ते रमाबाई इंग्लंडमध्ये बसून सिस्टरांना विचारत होत्या. बुद्धिनिष्ठा कोणत्या बाजूला आहे, असं विचारणाऱ्याने ही पत्रं वाचावीत.

७. देव नसेल तर चांगलं का वागायचं

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा. याचं एक उत्तर आगरकरांचं आयुष्यच आहे. शिक्षण संपत आलेलं, घरची गरिबी, आणि त्यांनी आईला पत्र लिहिलं की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून मी उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ते पाळलंही. स्वर्गाची लालूच नव्हती, नरकाची भीती नव्हती. देवावाचून माणूस चांगला होऊ शकतो का, हा प्रश्न इथे निकालात निघतो.

ख्रिस्ती विचारवंताचा प्रश्न मात्र याहून खोल असतो. तो म्हणतो, नास्तिक चांगला वागतो हे मान्य. पण निसर्गाच्या नियमांत "प्रत्येक माणूस समान मोलाचा" असा नियम कुठे लिहिलेला आहे? निसर्गात बलवान टिकतो. मग दुबळ्याला हात द्यावा हे तू आणलंस कुठून? माझ्याकडे उत्तर आहे, देवाने प्रत्येकाला स्वतःच्या प्रतिरूपात घडवलं. तुझ्याकडे काय आहे?

हा प्रश्न नास्तिकांनी हलका समजू नये. त्यांची उत्तरं आहेत, म्हणजे एकमेकांवाचून माणूस जगू शकत नाही, दुसऱ्याची वेदना आपल्याला कळते, जो नियम आपण स्वतःवर लादून घेणार नाही तो दुसऱ्यावर लादणं अन्याय आहे. ही उत्तरं मला पुरेशी वाटतात. पण ती विचाराने बांधावी लागतात. ख्रिस्ती घरातल्या पोराला ती गोष्टींतून, प्रार्थनेतून, शेजाऱ्याच्या मयताला जाण्यातून मिळतात. आणि देवाने सांगितलं म्हणून चांगलं की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं, हा सॉक्रेटिसाच्या काळचा पेच ख्रिस्ती उत्तरालाही सुटलेला नाही.

व्यवहारात बघा. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात आदिवासी बाई बाळंतपणाला येते. शहाद्यात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि डाव्या विचारांच्या तरुणांनी आदिवासींच्या जमिनी आणि मजुरीसाठी लढा दिला. एका ठिकाणी येशूचं नाव, दुसऱ्या ठिकाणी देवाचा उल्लेखही नाही. ज्या भिल्ल माणसाला गावात माणूस म्हणून मोजत नव्हते, त्याला दोन्हीकडे मोजलं गेलं.

८. डाकीण आणि लायसेन्को

देव सोडला की माणूस आपोआप शहाणा होतो का? सोव्हिएत रशियाचं सरकार उघड नास्तिक होतं. १९४८ मध्ये त्याच सरकारने लायसेन्को नावाच्या माणसाचा शेतीबद्दलचा चुकीचा सिद्धांत अधिकृत ठरवला, आनुवंशिकीवर बंदी घातली आणि ती शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांना नोकरीवरून काढलं. चर्च नव्हतं, पण पुरावा मागायला बंदी होतीच. दुसरीकडे, ख्रिस्ती झालं की भुताखेताची भीती जाते का? १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलेम गावी बायबल वाचणाऱ्या भाविकांनीच जादूटोण्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं.

सातपुड्यात आजही एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवतात. पाड्यावर मूल दगावलं की बोट तिच्याकडे जातं. इथे सगळं भोवऱ्यासारखं चालतं, तपासणी कोणीच करत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, त्यांच्या खुनानंतर, आला. कोणाला डाकीण ठरवून छळणं आणि साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यापासून अडवून मंत्र टाकत बसणं हे आता गुन्हे आहेत. प्रार्थना, भजन, उपासना यांना कायद्याने हात लावलेला नाही. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण देव मानणाऱ्यांना घेऊन काम करत राहिले, कारण डाकिणीच्या प्रश्नावर नास्तिक आणि ख्रिस्ती यांना एकाच बाजूला उभं राहता येतं. चर्चमध्ये तेल लावून कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारा आणि भगताकडे पाठवणारा यांच्यात कायदा फरक करत नाही. चर्चला जाणाऱ्यानेही करू नये.

९. लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

एकाच घरात दोन मतं असली तर काय करायचं? टिळकांचं घर याचं उदाहरण आहे. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही. लक्ष्मीबाईंनी त्यानंतरची पाचेक वर्षं कशी काढली ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. आधी माहेरच्यांकडे, सोवळंओवळं पाळत, रडत. मग नवऱ्याकडे परत, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनात पहिला धक्का बसला तो जातीच्या कल्पनेला. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच बराच वेळ विचार केला आणि माणसाने केल्या हे ठरल्यावर कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. येशूपर्यंत त्या त्यानंतर पोचल्या, आपल्या पायांनी, १९०० मध्ये.

नंदुरबारच्या त्या खोलीतल्या दोन मुलांनी एकमेकांना पाच वर्षं द्यावीत. एकाने दुसऱ्याला मार्कचं शुभवर्तमान वाचायला सांगावं, दुसऱ्याने पहिल्याला आगरकरांचे निबंध. वाचून झाल्यावर कोणत्या वाक्याला अडखळलास, हे आधी विचारावं.